बंपरच्या मागची जागा

गाडीच्या पुढच्या बंपरमागे काय असतं, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते गाडी ठोकल्यावर. रंगवलेलं प्लॅस्टिक एका बाजूने लोंबत असतं आणि आतलं सगळं उघडं पडलेलं असतं: एक आडवी लोखंडी पट्टी, दोन भोंगे, एसीचा जाळीदार कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, त्यामागे पंखा. टर्बोची गाडी असेल तर यातच कुठेतरी दाटीवाटीने बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची आणखी एक जाळी असते. तिला इंटरकूलर म्हणतात. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती गार करून इंजिनाला देतो. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामाला जागा कुठे द्यायची, या प्रश्नाने गेली शंभर वर्षं इंजिनिअर लोकांचं डोकं खाल्लंय. विमानांचे आकार त्यापायी बदलले, पोर्शच्या मागे चहाचा ट्रे आला आणि आपल्या स्कॉर्पिओच्या बॉनेटला नाकाड आलं.

मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनाशी माझा संबंध डिग्रीच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या थर्मोडायनॅमिक्सपुरता. या सगळ्यात पडलो ते कळंबच्या मावसभावामुळे. त्याने जुनी डिझेल हॅचबॅक घेतली, तिचा ईसीयू कुणाकडून तरी रीमॅप करून घेतला, आणि मग मोठा इंटरकूलर पुढे बसवायचं त्याच्या डोक्यात आलं. अट एकच: बाहेरून काही दिसता कामा नये. "दादा, बंपर कंपनीचा हाय तस्साच ऱ्हाऊ दे. गाडी दिसायला साधी पायजे, पळायला न्हाई," असं त्याचं म्हणणं. मिस्त्रीने बंपर खोलून बघितला आणि सांगितलं, की मधली लोखंडी पट्टी कापली तर आरामात बसतो. भावाने मला पट्टीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "ही काढली तर काय होतं?"

त्या पट्टीचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते हे.

सायकलच्या दुकानात हातपंपाने हवा भरताना पंपाची नळी खालून तापते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. टर्बोमध्ये तेच होतं, फक्त प्रचंड वेगाने. कागदावर हिशोब करून बघू. मे महिन्यातली दुपार, कळंबमध्ये बेचाळीस अंश. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याचा कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षम आहे असं धरलं, तर बाहेर पडणारी हवा साधारण १४० अंशांवर जाते. हाच हिशोब शून्य अंशाच्या स्वीडिश हिवाळ्यात केला तर हवा ८५ अंशांच्या आसपास थांबते. म्हणजे आपल्याकडे टर्बोची सुरुवातच तोट्यातून. तापलेली हवा विरळ असते. दाब दुप्पट करूनही इंजिनात हवा जाते फक्त दीडपट. हीच हवा इंटरकूलरने ६० अंशांपर्यंत आणली, तर त्याच दाबाला जवळपास चोवीस टक्के जास्त हवा आत बसते. हवा जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, आणि त्या मानाने डिझेल जास्त जाळता येतं. भावाला मोठा इंटरकूलर हवा होता यात वेडेपणा काही नव्हता. आकडे त्याच्याच बाजूने होते.

एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या धुराने चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने हवा दाबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट १९०५ सालचं. पण तिला खरी निकड आली ती विमानांमुळे, कारण उंचावर हवाच विरळ. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर नेलं, चौदा हजार फुटांहून उंच. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर २३० वर आलेलं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं. विमानं उंच उडणार हे त्या दिवशी ठरलं, आणि टर्बोमधून निघणारी तापलेली हवा गार कुठे करायची, हा प्रश्नही त्यासोबत आला.

दुसऱ्या महायुद्धात दोन अमेरिकन विमानांनी या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं दिली. पी-४७ थंडरबोल्टमध्ये टर्बो आणि इंटरकूलर दोन्ही वैमानिकाच्या मागे, शेपटीकडे. इंजिन नाकात. त्यामुळे एक्झॉस्ट मागे न्यायला आणि दाबलेली हवा पुढे आणायला विमानाच्या पोटातून अक्षरशः गटारासारखे पाइप फिरवावे लागले. त्याचं पोट एवढं सुटलेलं का, याचं हे कारण. दुसरं लॉकहीडचं पी-३८ लायटनिंग, दोन इंजिनांचं. याची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण भावाच्या गाडीची ती जवळजवळ हुबेहूब आधीची आवृत्ती आहे.

पी-३८ च्या इंजिनिअरांनी आधी फार हुशारी केली होती. वेगळा इंटरकूलर बसवायचाच नाही. पंखाची पुढची कड पोकळ ठेवायची आणि तापलेली हवा तिच्यातून फिरवून आणायची. पंखाच्या पत्र्याला बाहेरून गार वारा लागतोच, मग तोच इंटरकूलर. बाहेरून काही दिसत नाही, हवेला जास्तीचा अडथळा नाही. भावाला हवं होतं तसंच. सुरुवातीच्या इंजिनांना ते पुरलं. मग इंजिनांची ताकद वाढवत नेली आणि पंखाची कड पुरेनाशी झाली. इंजिन जास्त ताकद द्यायला तयार, पण हवा गार होत नाही म्हणून ती वापरता येत नाही, अशी अवस्था आली. शेवटी १९४३ च्या पी-३८ जे या आवृत्तीत त्यांनी हात टेकले. इंटरकूलर पंखातून काढला आणि इंजिनाच्या खाली, नाकाशी, दोन ऑइल कूलरच्या मध्ये सरळ वाऱ्याच्या तोंडावर ठेवला. विमानाला जाड हनुवटी आली. जुने फोटो शेजारी ठेवून बघितले की हनुवटीवरून आवृत्ती ओळखता येते. पंखाची रिकामी झालेली कड वाया गेली नाही, तिथे इंधनाच्या टाक्या बसल्या आणि विमान आणखी लांब जाऊ लागलं.

याला एक शेपूट आहे. नवा इंटरकूलर इतका चांगला निघाला की युरोपच्या थंडीत उंचावर हवा जास्तच गार होऊ लागली आणि इंजिनं कुरकुरू लागली. मराठवाड्यात निदान ती काळजी नाही.

मोटारींच्या जगात इंटरकूलर उशिरा आला. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी अमेरिकेत विकायला आली तेव्हा तिच्यात इंटरकूलर नव्हताच. हवा गार ठेवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारत. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळोवेळी भरायची होती. मालक विसरायचे. (सॉफ्टवेअरमध्येही हाच नियम आहे: जे काम वापरणाऱ्याने आठवणीने करायचं असतं, ते होत नाही.) ती गाडी फार चालली नाही. १९७७ मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये टर्बोची गाडी उतरवली, आणि पुढच्याच वर्षीच्या पोर्श ९११ टर्बोमध्ये इंटरकूलर आला. पोर्शचं इंजिन मागे, म्हणून इंटरकूलरही मागे, मोठ्या स्पॉयलरच्या आत. त्या स्पॉयलरला लोक 'टी ट्रे' म्हणतात. १९८० च्या ऑडी क्वाट्रोने टर्बो-इंटरकूलरची जोडी रॅलीच्या चिखलात नेली. आणि १९८९ मध्ये निसानच्या स्कायलाइन जीटी-आरने मोठा इंटरकूलर थेट पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्याही पुढे बसवला. कंपनीनेच. बंपरला त्यासाठी मोठं तोंड पाडलं.

माझ्या पिढीच्या डोक्यात जो 'फ्रंट-माउंट' बसलाय, तो इथला. 'फास्ट अँड फ्युरियस' आणि 'नीड फॉर स्पीड'मधून आला. बंपरच्या जबड्यातून चमकणारी चांदीची जाळी म्हणजे गाडी काहीतरी आहे, हे आम्ही स्टीअरिंग हातात यायच्या आधीच शिकलो होतो. त्या काळातल्या इतर बऱ्याच जपानी गाड्यांत कंपनीचा इंटरकूलर छोटा असायचा, बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे. पोरं तो काढून मोठा मधे आणायची. काही जण तो दिसावा म्हणून बंपर कापायचे. आणि काही भावासारखे: जाळीला काळा रंग मारायचा, बंपर मूळचाच ठेवायचा, आणि सिग्नलला शेजारच्याला कळू द्यायचं नाही.

आपल्याकडे मात्र इंटरकूलर वेगळ्याच वाटेने आला. शौकातून नाही. आधी रेल्वेतून आला, मग ट्रकमधून.

अमेरिकन आल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन १९६२ मध्ये भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. त्याच्या सोळा सिलिंडरच्या इंजिनावर टर्बो होता आणि दाबलेली हवा पाण्याने गार करणारा कूलरही. दाट काळा धूर सोडत चढ चढणारं ते इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांनी इंटरकूलरवालं इंजिन पाहिलंय. कळंबकरांनी मात्र ते आपल्या भागात पाहिलं नसणार, कारण कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही आपली रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज. ती ब्रॉडगेज झाली २००७-०८ मध्ये. आणि त्या मार्गावरचं 'कळंब रोड' हे स्टेशन कळंबमध्ये नाहीच. नावातला 'रोड' किती महत्त्वाचा असतो हे उतरल्यावर कळतं.

कळंबला इंटरकूलर आला तो चार अक्षरांच्या रूपात: टीसीआयसी. टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड. टाटांच्या ट्रक-बसच्या इंजिनांची नावं बघा. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ४९७ म्हणजे तसेच चार. १९५४ ते १९६९ टाटांचा मर्सिडीजशी करार होता आणि ही ९७ मिलिमीटरची घराणी त्या काळातून आलेली. तेच जुनं, भरवशाचं, सगळ्या मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेलं इंजिन. त्याला पुढे टर्बो लागला, मग इंटरकूलर लागला, आणि नावामागे शेपूट वाढत गेलं: टीसी, मग टीसीआयसी.

कारण होतं धुराचे नियम. २००० साली देशात उत्सर्जनाचे भारत स्टेजच्या धर्तीचे नियम आले, २०१० मध्ये बीएस-३ देशभर, एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६. गार हवेमुळे ज्वलनाचं कमाल तापमान खाली राहतं, त्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. ऑक्सिजन भरपूर असल्याने काजळीही घटते. तिकडे इंटरकूलर शर्यत जिंकायला आला. इकडे तो पुण्याच्या एआरएआयमध्ये पास व्हायला आला. म्हणूनच आपल्याकडे त्याला ग्लॅमर नाही. भावाच्या मिस्त्रीला इंटरकूलर पाठ आहे तो ट्रकमुळे. बालाघाटच्या चढावर उसाने भरलेला ट्रक एकदम दम टाकतो, काळा धूर ओकतो, आणि बॉनेटखालून 'फूऽऽस' असा आवाज येतो, तेव्हा टर्बो गेला असं समजून ड्रायव्हर घाबरतो. बहुतेक वेळा इंटरकूलरचा रबरी पाइप क्लॅम्पमधून निसटलेला असतो. पाना आणि दहा मिनिटं.

आणि मग स्कॉर्पिओ. जून २००२ मध्ये महिंद्राने ती आणली, पवन गोयंका यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली, नाशिकमध्ये बनणारी. मराठवाड्यात स्कॉर्पिओचं काय स्थान आहे ते सांगायला नको; लग्न, सभा, निवडणूक, काहीही असो, ती पुढे असते. तिच्या बॉनेटवरचं ते उघडं नाकाड पुष्कळांना शोभेचं वाटतं. ते शोभेचं नाही. इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवलाय आणि ते नाकाड त्याला वारा पाजतं. पहिल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरही हेच होतं. या मांडणीचे फायदे खरे आहेत: पाइप आखूड, त्यामुळे टर्बो पटकन जागा होतो, दगड-चिखल लागत नाही, बंपरमागची जागा मोकळी राहते. तोटा असा की इंटरकूलर बसलाय तो चुलीवर. गाडी धावत असेल तोवर ठीक, पण सभेच्या ठिकाणी ताफा तासभर एसी लावून उभा राहिला की खालच्या इंजिनाची सगळी धग जाळीत मुरते. निघाल्यावर पहिले काही मिनिटं गाडीत नेहमीची ओढ नसते.

तरी नाकाडाला मान एवढा, की नंतर गावोगावच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत प्लॅस्टिकची नाकाडं आली. दुहेरी टेपने चिकटवायची. मी एका बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीवर तसलं नाकाड पाहिलंय.

आता त्या पट्टीकडे येतो. कारण बंपरलाही स्वतःचा इतिहास आहे आणि तो इंटरकूलरच्या इतिहासाला थेट आडवा जातो.

ज्यांनी प्रीमियर पद्मिनी पाहिलीय त्यांना बंपर म्हणजे क्रोमची चकाकणारी पोलादी पट्टी हेच आठवेल. पद्मिनी कुर्ल्याला बनायची, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. वालचंद मूळचे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. त्या काळी बंपर बाहेर होता, दिसत होता, आणि जे दिसत होतं तेच धक्का खात होतं. १९७२ च्या रेनॉ ५ ने प्लॅस्टिकचा बंपर आणला. १९७३ च्या मॉडेलांपासून अमेरिकेने नियम लागू केला की ताशी पाच मैलांच्या धक्क्यात गाडीच्या दिव्यांना, सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. पुढे हळूहळू एक श्रमविभागणी झाली. दिसणारं प्लॅस्टिक वाऱ्यासाठी आणि रूपासाठी, आणि खरा बंपर, म्हणजे ती लोखंडी पट्टी, त्याच्या आत लपली. आज आपण ज्याला बंपर म्हणतो तो बंपरचा सदरा आहे.

ही आतली पट्टी दोन्ही बाजूंना गाडीच्या सांगाड्याच्या दोन लांब दांड्यांना जोडलेली असते. जोडणीपाशी मुद्दाम चुरडली जातील अशी छोटी नळकांडी असतात. धडक एका कोपऱ्यात बसली तरी पट्टी तिचा भार दोन्ही दांड्यांत वाटते. नळकांडी चुरडताना ऊर्जा खातात. आणि एअरबॅग उघडायचा निर्णय घेणारे सेन्सर, पुढच्या भागात बसवलेले असतील तर, गाडीचं नाक ठरल्या पद्धतीने चुरडेल हे धरून बसवलेले असतात. भारतात समोरच्या धडकेची सक्तीची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना लागू झाली, एआयएस-०९८ नावाने: ताशी ५६ किलोमीटर वेगाने, गाडीची फक्त एक बाजू अडथळ्यावर. एकाच बाजूने धडकल्यावर सगळा भार एकाच दांडीवर येऊ नये यासाठी त्या पट्टीचा हातभार लागतो. भावाची गाडी या नियमाच्या आधीची. पट्टी तेव्हाही होती, पण त्यामागची गणितं आजच्याइतकी कडक नसणार. म्हणजे मुळातच जेमतेम असलेल्या गोष्टीत आपण आणखी काटछाट करणार.

मला यात एक विचित्र विसंगती दिसते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाड्यांपुढचे बुलबार, क्रॅशगार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा. त्याआधी आणि त्यानंतरही आपल्याकडे गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात बाहेरून जाड पाइपचा गार्ड बसवतात. बसणाऱ्याला त्याने 'सेफ' वाटतं. प्रत्यक्षात तो धक्का चुरडणाऱ्या भागाला वळसा घालून सरळ सांगाड्याला देतो. आणि तीच माणसं आतली, चाचणीत तपासलेली पट्टी कापायला तयार होतात, कारण ती दिसत नाही.

कळंबच्या संदर्भात ही चर्चा पुस्तकी नाही. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री येरमाळा-कळंब रस्त्यावर काय असतं ते तिथे गाडी चालवणाऱ्याला माहीत आहे. ट्रॅक्टर, त्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांत, आणि अचानक पुढ्यात काळोखाचा एक ठोकळा. प्रामाणिकपणे सांगायचं तर ट्रॉलीबाहेर आलेल्या उसापुढे कुठलीही पट्टी काही करू शकत नाही. तो बंपरच्या वरून सरळ काचेत येतो. पण बऱ्याचदा शेवटच्या क्षणी स्टीअरिंग फिरवलेलं असतं आणि गाडीचा एकच कोपरा ट्रॉलीच्या सांगाड्याला लागतो. चाचणीतली ती 'फक्त एक बाजू' म्हणजे आपल्याकडची ही रात्र आहे. रीमॅप करून, गार हवा पाजून गाडी आधीपेक्षा वेगात जाणार, आणि त्याच गाडीच्या नाकातून आपण ही पट्टी काढणार. हे मी भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग बसवायचाच न्हाई का?"

तसं नाही. कंपन्यांनीही हाच पेच सोडवलाय, पट्टी जागेवर ठेवून. बंपर मूळचा ठेवून फ्रंट-माउंट बसवायचा तर पहिला प्रश्न इंटरकूलर केवढा हा नाहीच. बंपरला तोंडं किती आणि कुठे, हा आहे. बहुतेक गाड्यांत पट्टीच्या वर एक अरुंद जाळी असते आणि खाली एक मोठी. पट्टीच्या बरोबर मागे ठेवलेल्या जाळीला वारा लागतच नाही. म्हणजे पट्टी कापून बसवलेला भला मोठा इंटरकूलर बराचसा आंधळाच राहिला असता, बंपरच्या प्लॅस्टिकआड. खालच्या तोंडाएवढा, उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असा गाभा त्याहून जास्त काम करतो. आणि वारा आळशी असतो. जाळीतून घुसण्यापेक्षा तिच्या कडेने निसटणं त्याला सोपं. म्हणून जाळी आणि बंपरच्या तोंडामधल्या फटी फोम किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बुजवाव्या लागतात. स्कॉर्पिओच्या नाकाडाखाली इंटरकूलरभोवती मऊ रबर असतं ते याच कारणासाठी. पुण्या-मुंबईत हजारो रुपये खर्चून मोठी जाळी बसवणारे या दहा रुपयांच्या फोमला विसरतात.

दुसरी गोष्ट रांगेची. बंपरमागे आधीच कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक उभे आहेत. सगळ्यांत पुढे इंटरकूलर आला की त्याची ऊब मागच्या दोघांना मिळते. स्वीडनमध्ये कुणी हे लक्षातही घेणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात एसी कमी लागणं आणि घाटात तापमानाचा काटा वर सरकणं, ही त्याची किंमत आहे. जितकी उंच जाळी तितकी जास्त किंमत. हेही आखूड उंचीच्याच बाजूने जातं.

भावाने शेवटी तसलाच घेतला. पट्टीखाली बसणारा, बारीक. मिस्त्रीने ब्रॅकेट स्वतः वळवले, पट्टीला एकही भोक न पाडता. रेडिएटरच्या कडेचं एक प्लॅस्टिक थोडं छाटून पाइप काढला, आणि फटी जुन्या गादीतल्या फोमने बुजवल्या. तो फोम पहिल्या पावसात भिजून लोळागोळा झाला, तेव्हा दुसरा, पाणी न शोषणारा आणला. ओबीडी स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. चढावर ते आता आधीसारखं भराभर वर जात नाही. बसस्टँडसमोरच्या गर्दीत मात्र जातंच, कारण तिथे वारा कुठून आणणार? नवीन अडचण एकच: जाळी खाली आल्यामुळे स्पीडब्रेकर. कळंबमधले काही स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बांधलेत हे बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि आता भाऊ ते सगळे नावानिशी ओळखतो.

कायद्याचं काय, हाही प्रश्न आलाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे उचलून धरलं. आरसीवर इंटरकूलर लिहिलेला नसतो, म्हणून पोरं निवांत असतात. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आरसी वाचत नाही, तो बंपर खोलतो. तिथे कापलेली पट्टी असणं आणि मूळची पट्टी असणं, यातला फरक त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि हा सगळा खटाटोप आता हळूहळू इतिहासजमा होतोय. नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांपैकी काहींत, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या एक लिटर टीएसआयमध्ये, हवा पाण्याने गार होते आणि तो कूलर इंजिनाच्या इनटेकमध्येच बसवलेला असतो. कल्पना जुनीच, डब्ल्यूडीएम-२ ची. पुढे फक्त पाण्याचा एक छोटा रेडिएटर लागतो, पाइप वीतभर. अशा गाडीत फ्रंट-माउंट लावायचा म्हणजे कंपनीने सोडवलेलं कोडं पुन्हा विस्कटायचं. २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनचं बॉनेट सपाट आहे. नाकाड राहिलं ते जुन्या बांध्याच्या स्कॉर्पिओ क्लासिकवर. मावसभावाच्या मिस्त्रीकडे मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं होतं, नवी गाडी घेऊन. त्याला सपाट बॉनेटवर नाकाड चिकटवून हवं होतं. मिस्त्रीने विचारलं, भोक पाडू का खाली? गिऱ्हाईक म्हणालं, नको, पाणी जाईल.